मॅडमची लवंग

देवळी, शनिवार, दिवेलागण

आजचा खर्च: लवंग दहा रुपयांची, मारुतीले तेल वीस रुपयांचं.

यांची बिडी सुटावी म्हणून किती शनिवार धरले मी! लवंग पुढं केली की म्हणायचे, "झोंबते." आता यांच्या कापसाच्या जिनिंगवाल्यांनी कामगारांची बिडी सोडवायला मॅडम ठेवल्या, तर त्यांनी दिलेली लवंग गोड लागते! रोज जेवल्यावर हसत फोन, "मॅडम, तलफ आली जी." मले कधी सांगितलं असं? बिडी सुटून राह्यली, चांगलंच आहे. मग माझा जीव काऊन जळते?

आज हे फोन ठेवून स्वयंपाकघरात आले. "मॅडम म्हणे, तलफ आली की आधी घरी सांगत जा. दे वो लवंग."

दिली. मॅडमनं सांगितलं म्हणून आले, की मनातून?

मारुतीराया, उलट टपाली कळवजो.