डाव्या कोपराची लोकर

प्रिय शेंडेफळ,

तुझं पाकीट परवा मिळालं. लोगोचा कागद मी आधी जेवणाच्या टेबलावर काचेखाली ठेवला होता. पण घास उतरेना, म्हणून कपाटात ठेवला. आवडला नाही असं समजू नकोस. कौलांसारखे एकावर एक चढलेले खवले, आणि मधल्याचा टवका उडालेला. लोकरीच्या एका धाग्यावर एवढं सगळं असतं हे मला कुठे ठाऊक होतं? वाचनालयातून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावरचं पुस्तक आणून दोनदा वाचलं. अर्धं डोक्यावरून गेलं, पण एक गोष्ट कळली. नमुना त्या यंत्रात ठेवण्याआधी त्याच्यावर सोन्याचा पातळ थर देतात. तिथेच मी पुस्तक मिटलं. माझ्या त्या तुकड्याला सोनं!

तुझे बाबा पस्तीस वर्षं प्रयोगशाळेत तेच यंत्र चालवत होते. यंत्र खोटं बोलत नाही, नमुना आणणारा बोलतो, असं म्हणायचे आणि शंका आली की मोठ्या साहेबांचा नमुनाही परत पाठवायचे. डावं कोपर टेबलावर रोवून उजव्या हाताने बटणं फिरवायची सवय, त्यामुळे राखाडी स्वेटरचं डावं कोपर सारखं विरायचं. रफू करताना मी कुरकुरायचे, की ऑफिसचं टेबल आहे तसंच आहे, झिजते ती माझी लोकर. ते म्हणायचे, बरंय की, ती बढती तरी मागत नाही.

प्रयोगशाळेचा लोगो तुलाच करायला मिळाला आणि तू फोनवर म्हणालीस, आई, मला तो बाबांच्या स्वेटरच्या कोपरातून काढायचाय, त्यांच्याच यंत्राखाली ठेवून. माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, की स्वेटर कसरीने खाल्ला गं, पण कोपर मी कापून ठेवलंय. तू तिकडे रडायला लागलीस. मग शब्द मागे घ्यायचा धीर झाला नाही.

कोपर नव्हतं. त्याच लोकरीचा एक गुंडा उरला होता. त्यातून तळहाताएवढा तुकडा विणला आणि दुपारी मागच्या जिन्यात बसून सिमेंटच्या पायरीवर घासला. वरच्या मजल्यावरचे मास्तर उतरताना थांबले. म्हणाले, वहिनी, पायरी घासताय की लोकर? मी म्हटलं, जी आधी झिजेल ती. ते हसत गेले, मीही हसले. अर्धा तास पुरला. ज्या तुटक्या खवल्यात तुला बाबांची पस्तीस वर्षं दिसली, तो त्या पायरीवर तुटलाय.

खरा स्वेटर कुठे गेला हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. इस्पितळात शेवटी शेवटी त्यांना फार थंडी वाजायची. म्हणाले, माझा स्वेटर आण. मी म्हटलं, त्याला औषधांचा वास मारतोय, धुऊन आणते. ते म्हणाले, तसाच आण गं, मला इथे कोण बघायला येतंय! पण मला भेटायला येणाऱ्यांची लाज. धुतला. दोन दिवस ऊन पडलं नाही. तारेवरच्या बाह्या मी चाचपून पाहत होते, अजून ओल्या होत्या, तेवढ्यात इस्पितळाचा फोन आला. तू पोचलीस तेव्हा पहिला प्रश्न विचारलास, बाबांनी काही मागितलं का? मी नाही म्हणाले. चार दिवसांनी तो स्वेटर जुने कपडे दान करायच्या पेटीत टाकून आले. तो घरात असता तर मला घरात राहता आलं नसतं.

हे सगळं मी तुला कधीच सांगितलं नसतं. तुकडा खोटा असला तरी लोकर त्याच गुंड्याची, असं म्हणून मनाची समजूत काढली होती. पण लोगोबरोबर तू त्याच्या अनावरणाचं गुरुवारचं भाषण पाठवलंस, शुद्धलेखन बघ म्हणून. शुद्धलेखनाची एकही चूक नाही. फक्त दुसऱ्या परिच्छेदात लिहिलंयस, की हे माझ्या वडिलांचं कोपर आहे आणि आईने ते जपून ठेवलं. ज्यांनी बाबांबरोबर उभा जन्म काम केलं त्या माणसांसमोर तू हे म्हणणार, आणि मी पहिल्या रांगेत बसून मान डोलावणार. ते माझ्याच्याने होणार नाही. परिच्छेद काढून टाक, नाहीतर मला उभं कर, मी सांगते. लोगोचं काय करायचं तेही तूच ठरव. गुरुवारी मी वेळेवर येईन आणि सभागृहाच्या दाराबाहेर थांबेन. तू येऊन हाताला धरून नेलंस तरच आत येईन.

रागावलीस तरी तुझीच,
आई