गुरुवारचा फोन

सोम. ३ नोव्हें.
नांदेडचा हेलपाटा फुकट. ज्या एजंटानं आमच्या ह्यांना आखातात वेल्डिंगला धाडलं, तोच आता म्हणतो, "मावशी, तुमचा माणूस काम सोडून गावाकडं निघाला." गावाकडं? देवणीत मीच बसलेय की! त्यानं कागद दाखवला. तिकडून बाहेर पडल्याचा शिक्का हाय, इकडं आल्याचा न्हाई. माणूस हाय का धूर? महिना झाला, एकेकाच्या दारात उभी राहून राहिले. कुणी बस म्हणत न्हाई.
(तोंडानं नवऱ्याचं नाव घेत न्हाई. इथं व्यं. लिहिते.)

मंगळ. ४
बालाजीचा फोन आला. मुखेडचा, तिकडं आखातात व्यं.च्याच खोलीत राहतो. हळू बोलत होता. खोलीतल्या एका परक्या माणसाला व्यं.नी आपल्या नावावर सिम घेऊन दिलं. तो निघाला बॉम्बवाल्यांतला म्हणे. कुणी मागितलं की द्यायचं, ही ह्यांची खोड. जेवताना दोन गाड्या आल्या, ताटावरून उचललं.
"विमानतळावर झाडू मारणाऱ्या आपल्या माणसानं पाहिलं, काकू. तोंडावर पिशवी घातली होती. विमानावर कोणत्याच देशाचं नाव न्हवतं."
कुठं नेलं रे? "कुणालाच म्हाईत न्हाई." परत लावला तर बंद.

गुरु. ६
शाळेत पोरांची खिचडी शिजवत होते, अकराला फोन. लई शुद्ध मराठी, रेडिओवरच्यासारखी. आवाज ओळखला अन् हातातला पळा खाली पडला. दिवाळीआधी ह्यानंच विचारलं होतं, व्यंकट माणिक तुमचे कोण? बचत गटातल्या ताईनं बजावलेलं, अनोळखी फोनवर नावगाव सांगायचं न्हाई, खातं रिकामं करतात. मी म्हणले होते, असला कोणी न्हाई इथं, ठेव.
आज म्हणतो, "तुम्ही नाही म्हणालात. आम्ही तसं लिहून घेतलं. मग तो नाव खोटं सांगतो, असं ठरलं."
मी ओरडले, व्यंकट माझा नवरा हाय! सव्वीस वर्षांत पहिल्यांदा नाव घेतलं, ते असं. संगं खिचडी करणाऱ्या बाया बघत राहिल्या.
कुठं ठेवलंय विचारलं. मागं कसलं तरी मशीन घरघरत होतं. कट.

गुरु. १३
पुन्हा अकरा. पुन्हा तोच.
"दारात उभं राहिलं की डाव्या हाताला काय दिसतं?"
गोठ्याची भिंत, म्हणले.
"तो चिंच म्हणतो."
चिंच मागच्या साली तोडली. ह्यांना सांगितलंच न्हवतं, जीवाला लावून घेतील म्हणून. चिंच होती! होती लिहा, म्हणून बोंबलले. फोन कधीच कटला होता. पुन्हा मीच ह्यांना खोटं पाडलं.
संध्याकाळभर दारात उभी. डावीकडं चिंचेची जागा मोकळी, मागं नुसती भिंत. हे तिकडं कुठंतरी डोळे मिटून चिंच बघत असतील.

शुक्र. १४
लातूर. पोरगी रेखा कॉलेज बुडवून आली, अर्ज तिनंच लिहिला. पोलीस साहेब म्हणे, "बाई, असा फोन येऊच शकत नाही." बघा म्हणून मोबाईल पुढं केला. कालचा फोन यादीत न्हाई. सहा तारखेचाही न्हाई. रेखानं दोनदा बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. पोरीलाही वाटून राहिलं की आईचं डोकं…
खिचडीजवळच्या बायांना विचार म्हणले. तिनं मोबाईल माझ्या हातात परत दिला.

गुरु. २०
आज प्रश्न न्हाई. म्हणतो, "तो झोपेत बोलतो. आमच्या माणसाला कळत नाही. ऐका."
म्हंजे हे झोपतात तवा कुणीतरी जवळ बसून असतं.
आधी नुसता श्वास. नाकात शिट्टी वाजते ती. हेच. मग बारीक, लेकरासारखा आवाज. "अव्वा… नीर कोडु. नीर…"
सासूबाई बीदरकडच्या. कानडी, आईला अव्वा. लहानपणी हे तिच्यापाशी तसंच बोलायचे. माझ्यापाशी कधी न्हाई.
"काय म्हणतो?"
गप्प राहायचं ठरवलं होतं. राहवलं न्हाई. पाणी मागून राहिलेत, मुडद्यांनो! आधी पाणी पाजा!
तिकडं कुणीतरी खुर्ची सरकवली. मग तो, "एवढंच?"
पाण्यानंतर हे काहीच बोलले न्हवते. नुसता श्वास. पण मी म्हणले, न्हाई. अजून हाय. नाव हाय त्यात एक.
"कुणाचं?"
पहिल्यांदा त्याचा आवाज घाईचा वाटला.
म्हणले, आता मी विचारते. पाणी पाजलं का, अन् कोणत्या देशात ठेवलंय. ह्यांच्या तोंडून ऐकव. पुढच्या गुरुवारी, सत्तावीसला, अकराला. तोवर माझ्याकडून एक अक्षर न्हाई.