भजनाच्या पेनड्राइव्हने केलेला घोळ

आई,

कॉम्प्युटर एकदाचा नीट झाला. त्याच्यावर चिकटवलेला 'बंद करू नका' हा कागद काढून टाक.

मी कॉम्प्युटरवर लिनक्स ही नवी सिस्टिम बसवली तेव्हा तुझा भजनाचा पेनड्राइव्ह मागच्या बाजूला लावलेलाच राहिला होता. कॉम्प्युटर सुरू करून देणारा भाग डिस्कवर बसायचा, तो त्या पेनड्राइव्हवर जाऊन बसला. म्हणून दर एकादशीला तू तो घेऊन भजनाला गेलीस की इथे नुसता काळा पडदा, आणि तू परत येऊन तो लावलास की सगळं ठीक. अप्पा उगाच डिस्क गेली म्हणत होते. आता तो भाग डिस्कवरच बसवलाय आणि पेनड्राइव्ह काढूनही चालू करून पाहिलंय. तुझी भजनं शाबूत आहेत, अप्पांनी केलेल्या लोकांच्या जन्मपत्रिकाही.

कॉफीचं डिकाशन उतरवून ठेवलंय, दूध तेवढं तापव. मी तिरुविडैमरुदूरच्या बसने शाळेला निघते. डोळे उघडे राहत नाहीत, बसमध्येच झोपेन.

अप्पांनी विचारलं तर तुझ्या लेकाने, विष्णूने, अमेरिकेतून फोनवर सांगितलं तसं केलं, असं म्हण. माझं नाव घेतलंस तर ते दुकानातल्या माणसाला बोलावतील, तो सगळं पुसून पुन्हा बसवेल आणि पत्रिका खरोखरच जातील.

विष्णूचा फोन आला तर त्यालाही हे सांगून ठेव. माझा तर तो उचलतच नाही.

कीर्ति