दह्याच्या फळीवरचा कोळी

मामंजी, नवीन पनवेलच्या त्या तळमजल्याच्या घरात थंडी फरशीतून वर यायची. हिवाळ्यात दही लागायचं ते फक्त मांडणीच्या वरच्या फळीवर, कारण शेगडीची ऊब तिथे जमायची. त्याच वर्षी तुम्ही तळहाताएवढा केसाळ कोळी घरी आणलात. शेजारच्या प्लॉटवर पाया खणताना तो निघाला आणि मजूर फावड्याने ठेचणार, तेवढ्यात तुम्ही डबा पुढे केलात. मी म्हटलं, "मामंजी, हे ध्यान घरात?" तुम्ही म्हणालात, "त्याचं घर आपल्या माणसांच्या घरांसाठीच मोडलं ना, सूनबाई." जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस, पण घरात आवाज चढवलेला मी ऐकला नाही.

भोकं पाडलेल्या बरणीत ओलसर माती, बाटलीच्या झाकणात पाणी, आठवड्याला एक झुरळ. हे हसायचे, "बाबा, झुरळं संपली की आमचा नंबर का?" मग थंडी वाढली. कोळ्याने झुरळाकडे बघणं सोडलं आणि पाय पोटाशी ओढून पडून राहिला. हे म्हणाले, बल्ब लावा. रात्रभर बल्ब जाळायचा म्हटल्यावर मी विजेचं बिल मोजायला लागले, पण तुम्हीच नको म्हणालात, "बल्बने तो सुकेल. मंद ऊब हवी." मला अजून दिसतंय, तुम्ही मांडणीपाशी उभे आहात, हात उंचावून वरच्या फळीची ऊब बघताय. मग नजर बाजूच्या देव्हाऱ्याकडे जाते आणि हात खाली येतो.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. धूर वर चढतो आणि धूर त्याला सोसत नाही. देवाची उदबत्ती बंद कर असं मी सांगणार नाही."

आणि खरंच सांगितलं नाहीत. थंडगार खोलीत बरणीला आपली शाल गुंडाळून, स्वतः बनियनवर बसून राहिलात. सासऱ्याने हुकूम सोडला असता तर मी पाळला असता आणि मनात धुसफुसले असते. तुम्ही मागितलंच नाहीत, म्हणून मला देता आलं. दुसऱ्या दिवशी दह्याचं भांडं खाली घेतलं, बरणी वर ठेवली. देवापुढे नुसतं निरांजन लावलं आणि उदबत्ती गॅलरीतल्या तुळशीपाशी नेली. बरणी पडून त्याचं पोट फुटू नये म्हणून तुम्ही ती नाडीने फळीला बांधलीत. हे मात्र महिनाभर पातळ दह्यावरून कुरकुरले.

चौथ्या की पाचव्या सकाळी त्याने एक पाय लांब केला. मी तुम्हाला हाक मारली, तर तुम्ही दाढीचा फेस तसाच ठेवून धावत आलात.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, म्हणून लिहायला धीर आला. त्या हिवाळ्यात आंघोळ करून स्वयंपाकघरात आले की मी आधी बरणीत बघत असे, मग देवाला हात जोडत असे.