विहिरीपाशी न मारलेली हाक

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी अजून त्या एका दुपारपाशीच घुटमळते आहे. मिठाचा हंगाम संपला होता, मिठागराच्या शेठनं बाबांना ते चालवत ती लॉरी एका दिवसापुरती दिली होती. बाबांनी तिच्यावर बांबू ठोकून ताडपत्री ताणली, तू आत सतरंज्या, स्टोव्ह, मोदकांचा डबा असं अर्धं घर मांडलंस आणि आपण पाच जण ठाण्याहून टिटवाळ्याच्या गणपतीला निघालो. फळ्यांमधलं मीठ पायाला टोचत होतं. कल्याणच्या पुढे मी गुपचूप एक मोदक खाल्ला, देवाला दाखवायच्या आधी. तू पाठीत धपाटा घातलास आणि हावरट म्हणालीस. धपाट्याचं काही नाही, पण धाकटी दोघं हसली, ते मला फार लागलं.

पुढे रस्त्याखालची मोरी खचली होती. लाल फडकं घेऊन उभ्या असलेल्या माणसानं आपल्याला लढाईच्या वेळच्या लष्करी छावणीतून जायला सांगितलं. अलीकडच्या बराकींत निर्वासित राहत होते, टोकाची रांग मात्र रिकामी. सगळ्या बराकी सारख्या, सगळी दारं उघडी. भर दुपार, आणि एक कावळासुद्धा नाही. इंजिन तापलं म्हणून बाबा थांबले. तू कळशी घेऊन तिथल्या विहिरीवर गेलीस, बराच वेळ आली नाहीस. भरलेली कळशी घेऊन आलीस तेव्हा बाबा म्हणाले, दोर तर आपण आणलाच नाही. तू म्हणालीस, "त्यांनी दिलं ना काढून." बाबा जाऊन बघून आले. विहिरीपाशी कुणीच नव्हतं, रहाटही नव्हता.

तुझ्या माहेरची रीत होती. परक्या जागी थांबलं की निघताना प्रत्येकाला हाक मारायची, म्हणजे माणूस पुरतं निघतं, त्याचं काही मागे राहत नाही. तू बाबांना बोलावलंस, धाकट्यांना बोलावलंस, मलाही, नेहमीच्याच मायेनं. तुला हाक मारायचं काम थोरली म्हणून माझं. चढताना तू हळूच म्हणालीस, "मला बोलाव गं, नाहीतर मी राहीन इथेच." मी फुरंगटून तोंड फिरवलं. बाबांनी पुढून विचारलं, मारलीस का हाक? मी हो म्हटलं. तू नुसती माझ्याकडे बघत राहिलीस.

टिटवाळ्याला देवासमोर तू हात जोडायचे विसरलीस. त्यानंतर चौदा वर्षं आमचं सगळं केलंस, पण मागून हाक मारली तर कधी ओ दिली नाहीस. समोर यावं लागे. बाबा म्हणायचे, कान गेले. पण उतू जाणारं दूध तुला बाहेरच्या खोलीतून ऐकू यायचं, हे मला ठाऊक होतं. मी कुणाला काही बोलले नाही.

गेल्या महिन्यात रस्ता खणलेला म्हणून मुलानं गाडी नेमकी तिकडून घातली. आता तिथे इमारती आहेत. विहीर आहे, वर जाळी ठोकलेली. मी गाडी थांबवायला लावली आणि उतरले. आई, चल, एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं, मिटलं आणि परत येऊन बसले. मुलाला सांगितलं, पाय मोकळे केले.

हा कागद तुझ्या मोदकांच्या डब्यात ठेवते आहे. खरं सांगू, माझा रुसवा त्याच संध्याकाळी गेला होता. या वेळी मला भीती वाटली, तू ओ देशील याची.