चालू झाला तर दिसेल

१२ नोव्हेंबर, मंगळवार

फोन गेला! लक्ष्मी गेटला ऑटोतून उतरले, भाजी घेतली, पर्समध्ये हात घातला — नाही. मागे धावले तर ऑटोही नाही.

झाशीतल्या अठरा मराठी म्हाताऱ्यांचं बोलणं त्यात आहे. दोन वर्षं घरोघर जाऊन रेकॉर्ड केलेलं. त्यांतल्या कमळाबाई तर दिवाळीआधीच गेल्या. कॉपी कुठेच नाही. मूर्ख मी!

१३ नोव्हेंबर

माझ्या जाईने कॉलेज बुडवून स्वतःच्या फोनवर माझं खातं उघडलं. "आई, ऍप में दिख रहा है!" दिसलं काय, तर लक्ष्मी गेटवर एक मोठा गोल, त्यात निदान पन्नास घरं. काल दुपारी चार वाजून दहा मिनिटांपर्यंतचं. पुढे फोन बंद. बंद फोन कसा सापडणार?

तरी तिने 'हरवला' अशी नोंद केली. पडद्यासाठी हिंदीत निरोप, खाली तिचा नंबर. चालू झाला तर दिसेल म्हणे. झाला तर.

पोलीस चौकीत अर्जही दिला.

१५ नोव्हेंबर

काही नाही. तासातासाला पोरीचा फोन मागते.

१६ नोव्हेंबर

ठिपका हलला! थेट एरचला, बेतवेकाठी! दहा मिनिटांत जाईच्या नंबरवर एका बाईचा फोन, बुंदेलीत. "दीदी, ऑटो में मिलो तो. चार्जर आज मिलो." ऑटोत सापडला होता, चार्जर आज मिळाला.

१७ नोव्हेंबर

सकाळच्या बसने दोघी एरचला. बाईचं नाव रामकली. फोन स्वच्छ रुमालात बांधून ठेवलेला. तिथेच लावून पाहिलं — कमळाबाईंचा आवाज! उभ्याउभ्या रडले.

रामकलीने चहा दिला. मग हळूच म्हणाली, "दीदी, जा मशीन आदमी खों भी ढूँढ लेत का?" — हे मशीन माणसालाही शोधतं का? तिचा भाऊ हरगोविंद बापाशी भांडून गुजरातेत कामाला गेला. चौदा महिने झाले. नंबर बंद. घरी त्याचा जुना फोन पडलाय.

जाईने तो उघडला. त्याचंच खातं अजून चालू! यादीत दोन फोन. दुसरा — राजकोटला, आजही चालू.

मी जाईचा हात धरला. त्याला सापडायचंच नसेल तर? असं चोरून बघणं बरं नव्हे. रामकलीला तेच सांगितलं. ती म्हणाली, "न आए तो न आए. जिंदो है, इत्तो तो पता चलो." आणि पदराने डोळे पुसत राहिली.

शेवटी तिथे जायचं नाही, कुणाला पाठवायचं नाही असं ठरलं. त्याच्या पडद्यावर फक्त एक ओळ पाठवली, रामकलीने सांगितलेली, हिंदीत: 'भैया, बाबूजी रोज तुम्हारी थाली लगवाते हैं. रामकली.' खाली तिचा नंबर.

१८ नोव्हेंबर

सगळं रेकॉर्डिंग तीन ठिकाणी उतरवलं. जाई कमळाबाईंचं ऐकत बसली होती. पहिल्यांदाच! "पुन्हा लाव" म्हणाली — मराठीत.

२० नोव्हेंबर

रामकलीचा फोन. भावाकडून काही नाही. मी धीर दिला. ठेवल्यावर वाटलं, उगीच आशा लावली का तिला?

२३ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी सव्वासात. रामकलीचाच नंबर, पण आवाज पुरुषाचा.

"दीदी, हम हरगोविंद. घर से बोल रए."