पेटी क्रमांक चारचे वाचक

३ नोव्हेंबर, सोमवार

संगणक प्रशिक्षणाचा पहिला दिवस. पडद्यावर पुण्याहून अनघा नावाची प्रशिक्षिका. समोर आम्ही दोघं: ग्रंथपाल मी, आणि तीस वर्षं कपाटांच्या किल्ल्या सांभाळणारा भिकाजी. देवघेवीची रजिस्टरं आजपासून बंद. यापुढे सगळं ऑनलाइन.

मी बोलले. वाचनालय म्हणजे दुकान नव्हे, वाचक म्हणजे गिऱ्हाईक नव्हे, इथपासून सुरू करून चांगली वीस मिनिटं. टाळ्या पडाव्यात अशा ठिकाणी थांबलेसुद्धा. अनघा शेवटी म्हणाली, "मॅडम, तुमचा माइक बंद आहे. परत सांगता का?"

भि. खिडकीबाहेर बघत होता. खांदे हलत होते मेल्याचे.

४ नोव्हेंबर, मंगळ.

पुस्तक देणे, पुस्तक घेणे. एवढं जमलं. भि. एका बोटाने टाइप करतो, प्रत्येक अक्षराला मान डोलावतो. शोध घ्यायला मात्र यंत्र पटाईत आहे. तीन वर्षं हरवलेलं समजत होतो ते झाडांवरचं पुस्तक चौथ्या कपाटात निघालं. मान्य. यापुढे काही मान्य नाही.

अनघाने फिरत्या पेट्यांचं विचारलं. पेटी म्हणजे पत्र्याची ट्रंक, चाळीस पुस्तकं. एसटीने गावाला जाते, तीन महिन्यांनी बदलते. गावात ती कोणा एकाच्या पडवीत राहते, ज्याला हवं तो नेतो. आमच्या वहीत फक्त तारीख आणि गावाचं नाव.

उन्हाळ्यात बाहेरचा माणूस आणून दोन वर्षांची रजिस्टरं यंत्रात भरून घेतली, तेव्हा पेट्यांची वही मी दिली नव्हती. आजही सांगितलं, पेटीचा तुमच्या यंत्राशी संबंध नाही. जिथे माणसं एकमेकांना हाकेनं ओळखतात तिथे सभासद क्रमांक कशाला?

(वाक्य बरं आहे. भाषणात घालावं.)

१० नोव्हेंबर, सोम.

आमचे कार्यवाह खातू आले. बँकेतून निवृत्त, शर्टाला कायम पेन. भि.ला बाजूला करून स्वतः खुर्चीत बसले आणि एक यादी काढली. दोन वर्षांत एकही वाचक न मिळालेली पुस्तकं. पडदा खालपर्यंत लाल. मी चष्मा लावून बघितलं. सगळ्या पेट्यांतली पुस्तकं! एकूण एक.

"मॅडम, पेट्यांना वाचकच नाहीत. पत्रे गंजतायत नुसते. चोवीसला बैठक आहे, बंद करून टाकू."

"वाचक आहेत."

"कुठे आहेत? दाखवा."

दाखवा म्हणे. पडद्यावर शून्य, वहीत गावाचं नाव. भि. माझ्याकडे बघत होता. त्याला माहीत होतं. वही मीच दिली नव्हती. तोऱ्यात.

११ नोव्हें.

झोप नीट नाही. राग खातूंवर काढून बघितला, टिकला नाही. यंत्रावरही नाही. यंत्राला जे सांगितलं तेवढंच ते बोललं.

अनघाला फोन केला. (माइक चालू आहे ना, हे आधी विचारलं. हसली.) तिचं म्हणणं, प्रत्येक वाचक सभासद करा आणि पुस्तक त्याच्या नावावर द्या. नाव, गाव, मोबाइल. मोबाइलवर आकडे येतील, ते घातले की झाला सभासद. कुठूनही करता येतं.

"गावात जाऊनसुद्धा?"

"रेंज असेल तर."

सभासद करणे, देणे, घेणे, यादी काढणे. दिवसभर हेच घोकलं. दुपारी डबा तसाच राहिला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

भि. आणि मी सकाळच्या एसटीने कातळवाडीला. लॅपटॉप मांडीवर, बाळासारखा. पेटी क्र. ४ तिथे सुलभाच्या पडवीत असते. सुलभा चाळिशीची, नवरा मुंबईत, घरी काजूगर सोलायचं काम घेते. दुपारी वाडीतल्या बायका तिच्याकडे गर सोलायला बसतात आणि ती मोठ्याने वाचून दाखवते. वाचणारीचे गर बाकीच्या सोलून देतात, अशी तिथली रीत. हे मला आजवर ठाऊक नव्हतं. वीस वर्षं पेट्या पाठवते आहे. भाषणांतून "खेड्यापाड्यांतला वाचक" म्हणते आहे.

रेंज फक्त विहिरीपलीकडच्या कातळावर. सगळ्याजणी तिथे आल्या, गरांच्या टोपल्यांसकट.

पहिलं नाव सुलभाचं. मोबाइल घातला. आकडे येईनात. ती कुठेही नवऱ्याचाच नंबर देते, आणि ते सिम त्याच्याकडे, मुंबईत. त्याला फोन लावला. तो घाबरला. "कसले नंबर आले गो? कुठे पैसे भरलेस का?"

"पैसे नाय ओ. पुस्तकाचे. वाचा ना लवकर."

बहुतेकींचं तसंच. आकडे मुंबईला जायचे आणि मुंबईहून ओरडत परत यायचे. एकीचा नवरा म्हणाला, नाव कशाला घालतेस, वाचतेस कुठे तू. तिने फोन कानापासून लांब धरला आणि आम्हाला म्हणाली, "ऐकताव ना?" मग फोनवर: "नंबर सांगा आधी."

संध्याकाळच्या गाडीपर्यंत नऊजणी सभासद. त्यांतली एक, ताराआजी, अगदी शेवटी पुढे आली. "बाय, मना वाचता येत नाय. मी ऐकते. माझं नाव लिवशील काय?"

भि. लगेच म्हणाला, "आजी, त्यात वाचकाचंच..."

मी लिहिलं.

१७ नोव्हें., सोम.

आता खरी गंमत. पुस्तक एक, वाचणारी सुलभा, ऐकणाऱ्या आठ. यंत्रात एका वेळी एकच वाचक. पण परत घेऊन पुन्हा देता येतं, त्याच दिवशी, हवं तितक्यांदा. खलाशाच्या बायकोवरची एक कादंबरी त्यांनी काल संपवली. सुलभाने फोनवर सांगितलं, कोण कोण बसलं होतं तेही. मी सुलभाला दिली, घेतली. ताराआजीला दिली, घेतली. नऊ वेळा.

भि. मागे उभा. "बाई, हे खोटं नाय का होत?"

"भिकाजी, तुझ्या नातवाला तू गोष्ट वाचून दाखवतोस. गोष्ट कुणाला कळली, एकट्या तुला?"

"तसं नाय. पण खातूसाहेब पकडणार."

पकडू देत. लपवून काही केलेलं नाही. शेऱ्याच्या चौकटीत स्पष्ट लिहिलं: सामूहिक वाचन, श्रोत्या. चौकट होती, कुणी वापरत नव्हतं.

२० नोव्हें.

आणखी दोन गावांच्या पेटीवाल्यांना फोन. एकाने यादी पाठवायचं कबूल केलं. दुसऱ्याकडची पेटी पावसाळ्यापासून उघडलेलीच नाही. तसंच लिहिलं: शून्य. ज्यांनी वाचलं त्यांचं लिहिते आहे, तर हेही लिहायला हवं.

२४ नोव्हेंबर, सोम.

बैठक. भाषण तयार होतं, पर्समध्ये चार कागद. काढलं नाही. भि.ने पडदा लावला, मी कातळवाडीची यादी उघडली.

खातू: "एका पुस्तकाला एका दिवसात नऊ वाचक? हा बनाव आहे."

मी: "शेरा वाचा."

खातू: "ऐकणारा वाचक नसतो, मॅडम. उद्या तुमच्या व्याख्यानाला बसलेल्यांनाही सभासद कराल."

हशा झाला. मीही हसले, वाक्य चांगलं होतं. मग म्हटलं, माझ्या व्याख्यानाला बसलेले पुस्तक पुरं होईपर्यंत रोज येत नाहीत. ह्या आल्या. ज्यांना अक्षर येत नाही त्यांच्यापर्यंत पुस्तक नेणं हे आपलं काम नसेल, तर संस्थेच्या घटनेतलं आपलं उद्दिष्ट खोडून टाका. आणि ते खोडणाऱ्याने खाली सही करावी.

कुणी पेन काढलं नाही. खातूंनीही नाही.

पण ठराव झालाच. श्रोत्यांच्या नोंदी मी आठ दिवसांत काढून टाकायच्या, मग उरेल त्यावर पेट्यांचा निर्णय. तोवर एकही पेटी बाहेर नाही. सुलभाची नोंद राहिली तर कातळवाडीला वाचक एक. एका वाचकासाठी कुणी पेटी पाठवत नाही, हे खातूंना माहीत आहे. मलाही.

२५ नोव्हें.

अनघाला विचारलं, नोंद काढायची कशी? तिने दाखवलं. तीन पायऱ्या. शिकून घेतलं, म्हणजे येत नाही असं कुणाला म्हणता येणार नाही.

काढली नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

खातूंना लेखी कळवलं: नोंदी खऱ्या आहेत, त्या मी काढणार नाही. मंडळाला काढायच्या असतील तर मंडळाने स्वतः काढाव्यात. त्या पडद्यावर कुणी, केव्हा, काय काढलं तेही नावानिशी उमटतं. पोच घेतली.

मग भि.ला म्हटलं, पेटी चार सकाळच्या एसटीने बदलायला परत आलीय, नवी पुस्तकं भरू.

"बाई, ठराव..."

"तुझं नाव कुठेच येणार नाही. रवानगीखाली माझी सही."

त्याने किल्ल्या कमरेला अडकवल्या. मग म्हणाला, "कडी ढिली हाय तिची. दोरी मीच बांधतो." चाळीस पुस्तकं एकेक करून यंत्रात चढवली आणि दुपारच्या एसटीने पाठवली.

चारला खातूंचा फोन. उचलला. "मॅडम, तुम्ही ठराव मोडलात." म्हटलं, होय. मग, "अध्यक्षांशी बोलतो," आणि ठेवला. म्हणजे नोटीस येणार. निवृत्तीला दीड वर्ष आहे. येऊ दे.

सहा वाजता सुलभाचा फोन. पेटी पोचली. वाडीत एक नवी सून आलीय, उद्यापासून तीही बसणार. पण तिच्याकडे फोनच नाही, आणि घरचे देत नाहीत. तिचं नाव कसं घालायचं?

म्हटलं, बसू दे तिला. कसं घालायचं ते मी शोधते.